घाटात गाडी ‘टक-टक’ करतेय? सायलेन्सरचं पॅकिंग निवडताना या गोष्टी बघा!

शहाद्याहून तोरणमाळला जाणारी गाडी साधारण एक हजार मीटरची चढण चढते. पहिला-दुसरा गिअर, गाडीत पूर्ण भार, वेग कमी आणि इंजिनला लागणारा वाराही कमी. अशा वेळी सगळ्यात जास्त तापतो तो इंजिनच्या हेडला जोडलेला एक्झॉस्टचा पाइप, म्हणजेच हेडर किंवा मॅनिफोल्ड. त्या जोडात बसलेली पातळ चकती म्हणजे गॅस्केट. गॅरेजमध्ये तिला नुसतं ‘पॅकिंग’ म्हणतात.

किंमत किरकोळ, पण ती फुटली की त्रास मोठा!

पॅकिंग फुटतं कशामुळे?

इंजिनमधून बाहेर पडणारा वायू पूर्ण भारावर ७०० ते ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकतो. उष्णतेने धातू फुगतो, पण प्रत्येक धातू सारखा फुगत नाही. ॲल्युमिनियमचं हेड हे बिडाच्या मॅनिफोल्डच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. गाडी घाट चढली की दोन्ही भाग एकमेकांवर सरकतात आणि थंड झाली की परत मागे येतात. हे रोज घडलं की मधलं पॅकिंग झिजतं, त्यातच नट ढिले पडले तर वायू वाट काढतो.

गळती कशी ओळखायची?

सकाळी थंड गाडी सुरू केल्यावर ‘टक-टक’ आवाज येतो आणि गाडी तापली की कमी होतो. कारण धातू फुगून फट तात्पुरती बुजते. जोडाभोवती काळी काजळी दिसली तर शंका जवळजवळ पक्की. थंड इंजिन सुरू करून लगेच जोडावर साबणाचं पाणी टाकलं, तर फुगे येतात तिथेच गळती असते.

कोणतं पॅकिंग कुठे?

- तांब्याची रिंग: मोटारसायकलच्या बेंड पाइपला बहुतेक वेळा गोल रिंग असते. तांबं मऊ असल्याने दाबलं की खाचाखोचा भरतं. पण एकदा दाबून चपटी झालेली रिंग परत तशीच बसवू नये.

- पत्रा घातलेलं ग्राफाइट: पृष्ठभाग थोडा खडबडीत असला तरी हे चांगलं बसतं. मात्र उघड्या हवेत सुमारे ४५० अंशांच्या पुढे ग्राफाइट हळूहळू जळू लागतं. म्हणून भोकाच्या कडेला पत्र्याची किनार असलेलं घ्यावं.

- अनेक थरांचं स्टील: उष्णता सगळ्यात चांगली सोसतं आणि स्प्रिंगसारखं दाबलेलं राहतं. पण दोन्ही पृष्ठभाग सपाट आणि स्वच्छच हवेत.

- साधा फायबर किंवा पुठ्ठा: स्वस्त मिळतो, पण हेडजवळच्या जोडासाठी नाही.

आणखी एक गोष्ट. पॅकिंगचं भोक हेडच्या भोकाएवढं किंवा किंचित मोठं हवं. लहान असेल तर आत आलेली कड जळते आणि तिथूनच गळती सुरू होते.

बसवताना होणाऱ्या चुका

जुन्यावर नवीन असं दुहेरी पॅकिंग लावणं ही नेहमीची चूक. साधं सिलिकॉन थापूनही उपयोग नाही, कारण ते साधारण २५० ते ३५० अंशांपर्यंतच टिकतं. वाकडं झालेलं मॅनिफोल्ड कोणत्याच पॅकिंगने सुधारत नाही. त्यावर सरळ पट्टी ठेवून फट तपासावी, गरज पडल्यास लेथवाल्याकडून सपाट करून घ्यावं.

नट मधल्यापासून सुरू करून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. किती आवळायचे, ते गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात दिलेलं असतं. इंजिन एकदा तापून पूर्ण थंड झाल्यावर, पुस्तकात सांगितलं असेल तर पुन्हा तपासावेत.

जुन्या जीप आणि ट्रॅक्टरच्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते कोरडं घासू नये, ओलं करूनच काढावं. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते.

‘आवाजच तर येतोय’ म्हणून सोडू नका

ऑक्सिजन सेन्सर असलेल्या गाडीत गळतीतून बाहेरची हवा आत खेचली जाते. सेन्सरला वाटतं इंधन कमी पडतंय, मग इंजिन जास्त पेट्रोल पितं. टर्बोच्या डिझेल गाडीत टर्बोआधीच वायू निसटला, तर नेमकी चढावर ताकद कमी पडते.

सगळ्यात गंभीर बाब म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. या वायूला रंग नाही, वास नाही. पावसाळ्यात काचा बंद करून, माणसांनी भरलेल्या जीपमध्ये तो झिरपला तर आधी डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. जास्त झाला तर जीवही जातो. एकाच गाडीतल्या अनेकांना एकदम असं होऊ लागलं, तर त्याला घाट लागला असं समजू नका. गाडी थांबवा, इंजिन बंद करा, सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा आणि दवाखाना गाठा. पॅकिंगचं काम त्यानंतर!