आग्रा रोडचा हिशेब

धुळ्यात आग्रा रोडवर पाचकंदील चौकाच्या गर्दीतून वाट काढताना लक्षातही येत नाही, की मुंबईहून आग्र्याला जाणारा माल एके काळी याच रस्त्याने जायचा. 1819 मध्ये धुळ्यात 401 घरे आणि 2,509 माणसे होती. कॅप्टन जॉन ब्रिग्जने खानदेशचे ठाणे इथे आणले, सरळ रेषेत पेठ आखली आणि जागा व सवलती देऊन व्यापारी वसवले. गल्ल्या आजही नंबरानेच ओळखल्या जातात.

मग रेल्वे आली, पण धुळ्याला टाळून. 1860 च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जी.आय.पी.) रेल्वेचे रूळ चाळीसगाव, पाचोरा, जळगावमार्गे भुसावळला पोहोचले. त्याच सुमारास अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाचे भाव चढवले आणि स्टेशनाजवळचे जळगाव कपाशीची मोठी पेठ बनले. चाळीसगावहून धुळ्याला फाटा मिळाला तो 1900 मध्ये. तोवर धुळ्याचा व्यापारी स्टेशनापर्यंत पन्नासहून जास्त किलोमीटरचे बैलगाडीचे भाडे सोसत राहिला.

जळगावने मोजलेली किंमत वेगळी होती. सुरत–नागपूर महामार्ग शहराच्या अंगावरून गेला आणि दोन्ही बाजूंनी कॉलन्या वाढल्या. अजिंठा चौफुली, आकाशवाणी चौक, इच्छादेवी चौक इथे शाळेच्या सायकली आणि लांब पल्ल्याचे ट्रक एकाच डांबरावर आले.

अपघातांत माणसे गेली. समांतर रस्त्यांसाठी जळगावकरांना आंदोलने करावी लागली.

चौकांतल्या कोंडीची किंमत शेतकरीही मोजतो. रावेर-यावलची केळी कापली, की बागायतदाराला प्रत्येक तास मोजावा लागतो. कोंडीत अडकलेल्या गाडीतला घड पिकतो आणि भाव पडतो. रस्त्याच्या अंदाजपत्रकात भूसंपादन, खडी, डांबर असते. हा पडलेला भाव, चौकात जळालेले डिझेल, अपघातानंतरची बुडालेली मजुरी आणि दवाखान्याचे बिल त्यात नसते. तो खर्च घराघरांतून वसूल होतो.

आता पाळधी ते तरसोद असा वळणरस्ता शहराबाहेरून काढला आहे. जड वाहने तिकडे वळली, तर शहराला मोठा दिलासा मिळेल. पण जुन्या महामार्गाच्या कडेला जे झाले, ते इथेही होऊ शकते. त्यामुळे शेतांचे बिगरशेती (एन.ए.) प्लॉट पाडायला परवानगी देण्यापूर्वीच वळणरस्त्याच्या दोन्ही अंगांना समांतर रस्त्याची जागा राखून ठेवायला हवी. घरे उभी राहिल्यावर तीच जागा भूसंपादनाने घ्यावी लागेल, आणि तिचा मोबदला लोकांच्याच करातून जाईल.