मोठ्या जातीच्या कुत्र्यांचा आहार

पूर्ण वाढीनंतर वजन साधारण २५ किलोंच्या वर जाणाऱ्या लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर यांसारख्या आणि ५० किलोंच्याही पुढे जाणाऱ्या ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड यांसारख्या कुत्र्यांचा आहार. त्याचा वेगळा विचार करावा लागतो तो मुख्यतः त्यांच्या पिल्लांमुळे. ग्रेट डेनचे पिल्लू जन्मतः जेमतेम अर्धा-पाऊण किलोचे असते आणि दीड वर्षात त्याचे वजन शंभरपटीच्या आसपास पोहोचते. या काळात हाडांच्या टोकांजवळचा वाढीचा थर कूर्चेचा, म्हणजे कोवळा असतो. त्यावर वेळेआधी वजन पडले, तर खुब्याचे व कोपराचे सांधे बिघडतात आणि कूर्चा सांध्यातून सुटू लागते. पिल्लू अखेर किती उंच होणार हे बव्हंशी आईबापांवरून ठरते. जास्त खाऊ घातल्याने ते तिथे फक्त लवकर पोहोचते. म्हणून मोठ्या जातीचे गुबगुबीत पिल्लू कौतुकाचा नव्हे, काळजीचा विषय आहे.

ही गोष्ट प्रयोगांनी दाखवून दिलेली आहे. कॉर्नेल विद्यापीठात १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही ग्रेट डेन पिल्लांना हवे तेवढे खाऊ दिले आणि इतरांना त्याच्या दोन-तृतीयांश. मनसोक्त खाणाऱ्यांमध्ये हाडांचे विकार ठळकपणे जास्त आढळले. पुढे लॅब्रॅडॉरच्या ४८ पिल्लांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला आयुष्यभर दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाद्य दिले गेले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कमी खाणाऱ्यांचे मध्यक आयुष्य १३ वर्षे भरले, जास्त खाणाऱ्यांचे ११.२ वर्षे. सांधेदुखीवर उपचार सुरू करण्याची वेळही कमी खाणाऱ्यांवर बरीच उशिरा आली.

कॅल्शियम : आपल्याकडे पिल्लू घरी आले की कॅल्शियमच्या सिरपची बाटलीही मागोमाग येते. मोठ्या जातीच्या बाबतीत ही सवय घातक ठरू शकते. साधारण सहा महिन्यांखालच्या पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम पुरेसे अडवता येत नाही. पोटात गेलेल्यातले बरेचसे शरीरात शिरते आणि हाडांची घडण बिघडवते. नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथे हेझविंकेल व सहकाऱ्यांनी ग्रेट डेन पिल्लांवर केलेल्या, १९८५ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून हे स्पष्ट झाले. म्हणूनच अमेरिकेतील ‘आफ्को’ या पशुखाद्यविषयक संघटनेने, प्रौढपणी सुमारे ३२ किलो वा अधिक होणाऱ्या पिल्लांच्या खाद्यात कॅल्शियमची कमाल मर्यादा कोरड्या भागाच्या १.८ टक्के ठेवली आहे. इतर खाद्यांना ती २.५ टक्के आहे. पाकिटावर मोठ्या जातीच्या पिल्लांच्या वाढीसाठी ते योग्य असल्याचा स्पष्ट उल्लेख असावा. असे खाद्य चालू असताना वर सिरप देऊ नये.

याच्या उलट चूकही घडते. नुसते चिकन-भात खाणाऱ्या पिल्लाला फॉस्फरस भरपूर मिळतो, कॅल्शियम मात्र नाममात्र. मग शरीर ते हाडांतून काढून घेते, पाय वाकतात, कधी साध्या उडीनेही हाड मोडते. दूध-पोळीवर वाढवलेल्या पिल्लाला प्रथिने अपुरी पडतात. घरचे अन्नच द्यायचे असेल, तर पशुवैद्याकडून वजनानुसार पाककृती आखून घ्यावी आणि त्यातले कॅल्शियमही ग्रॅममध्ये मोजावे. भात, भाकरी, ज्वारी-बाजरी शिजवलेली असली की कुत्र्याला पचते. शेकडो पिढ्या माणसाच्या उष्ट्यावर वाढलेल्या या प्राण्यात पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा अधिक आहेत. प्रथिनांनी हाडे बिघडतात ही समजूत मात्र सोडून द्यावी. उट्रेख्टमध्येच ग्रेट डेन पिल्लांना कमी-जास्त प्रथिने देऊन पाहिली, तेव्हा सांगाड्यावर तसा परिणाम दिसला नाही.

प्रमाण : विश्रांतीच्या अवस्थेतील ऊर्जेची गरज काढताना किलोतील वजनाचा घन करून दोनदा वर्गमूळ काढतात व आलेल्या संख्येला ७० ने गुणतात. ३० किलोंच्या कुत्र्यासाठी हे उत्तर सुमारे ९०० किलोकॅलरी येते. नसबंदी झालेल्या घरगुती प्रौढ कुत्र्याला त्याच्या साधारण १.६ पट, म्हणजे १,४५० च्या आसपास लागतात. बहुतेक कोरड्या खाद्यात हे ४०० ग्रॅमच्या जवळपास बसते. तीन किलोंच्या कुत्र्याचे उत्तर १६० येते : वजन दहापट, गरज मात्र साडेपाचपट. हिशेब ही केवळ सुरुवात. खरी कसोटी हाताची. बरगड्या डोळ्यांना ठळक दिसू नयेत, पण हलका हात फिरवताच बोटांना लागाव्यात आणि वरून पाहता कंबर उठून दिसावी. कोल्हापूर-सांगलीकडच्या कारवानीला हा नियम लावू नये. त्या शिकारी कुत्र्याच्या शेवटच्या बरगड्या निरोगीपणीही दिसतात.

कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे, चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेले गोड पदार्थ कुत्र्यांना विषारी आहेत. शिजवलेली हाडे फुटून आतड्यात रुततात. उन्हाळ्यात जेवण पहाटे आणि रात्री द्यावे. पाणी दिवसभर भरलेले असावे.

जठराला पीळ : खोल छातीच्या जातींत जठर वायूने फुगून स्वतःभोवती फिरते व रक्तपुरवठा तुटतो. दिवसाकाठी एकच मोठे जेवण आणि घाईघाईने खाणे यांनी धोका वाढतो. म्हणून जेवण दोन-तीन वेळांत विभागावे आणि लगेच पळवू नये. भांडे उंच स्टँडवर ठेवणे सुरक्षित मानले जाई, परंतु अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या पाहणीत धोका त्यानेही वाढलेला आढळला. कुत्रा अस्वस्थ होऊन वारंवार उमासे काढतो पण काही पडत नाही आणि पोट ताठ फुगते, अशा वेळी ओवा, सोडा, पोट चोळणे यांत वेळ न घालवता शस्त्रक्रियेची सोय असलेला दवाखाना गाठावा. हाताशी काही तासच असतात.