1 जूनची मुले

मंडळी, माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांचा वाढदिवस 1 जूनला येतो. हा ग्रहताऱ्यांचा योग नव्हे, आम्हा मास्तरांचा प्रताप! 1972 च्या दुष्काळानंतर मी नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) नोकरीला लागलो. पोराची जन्मतारीख विचारली की आई सांगायची, "पोळ्याच्या आदल्या दिशी झाला बघा." साल कोणते, ते तिलाही आठवत नसे. मग पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावायचे. कान हाती लागला की सहा वर्षे पूर्ण. जनरल रजिस्टरात 1 जून लिहून मी मोकळा.

त्या एका ओळीला किती वजन असते, हे मला 2023 साली कळले.

26 ऑगस्ट 1994 रोजी पुण्यात पौड रस्त्यावर राठी कुटुंबातल्या पाच स्त्रिया आणि दोन मुलांची हत्या झाली. त्यातली एक स्त्री गरोदर होती. 1998 साली आरोपींना फाशीची शिक्षा झाली, 2000 साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे त्यातल्या एकाने अर्ज केला, की गुन्ह्याच्या वेळी मी लहान होतो. पुरावा कशाचा? राजस्थानातल्या एका शाळेच्या रजिस्टराचा! पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांनी चौकशी केली, आणि मार्च 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले, की तेव्हा त्याचे वय 12 वर्षे 6 महिने होते.

1994 साली लागू असलेल्या 1986 च्या कायद्यातही सोळा वर्षांखालच्या मुलाला फाशी किंवा तुरुंगवास देता येत नव्हता. आजच्या कायद्यात अशा मुलाला जास्तीत जास्त तीन वर्षे सुधारगृहात ठेवता येते. हा मात्र 28 वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता. तिथेच शिकला, पदवी मिळवली. सुटला तेव्हा चाळिशी ओलांडलेली.

फाशी होऊ शकेल अशा गुन्ह्यात जन्मठेप झाली, तर सरकारला चौदा वर्षांआधी सोडता येत नाही. ही अट 1978 पासून आहे. 2015 च्या कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलावर घोर गुन्ह्यासाठी प्रौढासारखा खटला चालवण्याची वाट उघडली. पण त्याच कायद्यात एक शहाणपणही आहे: मुलगा एकवीस वर्षांचा झाला की तो सुधारला का, हे तपासून मगच पुढचे ठरवायचे.

मला हा फेरविचार पटतो. चाळीस मुलांचा वर्ग वर्षानुवर्षे सांभाळलेल्या माणसाला ठाऊक असते, की तेराव्या वर्षीचा पोरगा आणि एकविसाव्या वर्षीचा तोच पोरगा, ही दोन वेगळी माणसे असू शकतात. कधी तसाच राहतो, हेही खरे. म्हणूनच तपासायचे, डोळे झाकून सोडायचे नाही.

आमच्या घरात मात्र यावर एकमत नाही. सौ. म्हणाली, "त्या घरातल्या दोन लेकरांना एकविसावे वर्ष लागलेच नाही, त्याचा फेरविचार कोण करणार?" माझ्याकडे उत्तर नव्हते. अजूनही नाही. तरी बारा वर्षांच्या मुलाला फाशीच्या कोठडीत ठेवून त्या लेकरांना न्याय मिळाला, असेही मला म्हणवत नाही.

असो. त्या रात्री मला माझी रजिस्टरे आठवली. वाटले, एखाद्याचे वय मी अंदाजाने दोन वर्षांनी वाढवले असेल, तर?