पाणी, खडक आणि चाळीस लाख अज्ञात राशी

नेदरलँड्समधल्या नोर्डबर्गुम गावी एक चमत्कारिक गोष्ट नोंदली गेली. पंप सुरू करून एका थरातलं पाणी उपसायला लागलं, की लगतच्या थरातल्या विहिरींची पातळी आधी चढायची आणि मग उतरायची. कारण असं, की उपशामुळे वाळूचा थर आक्रसतो, शेजारच्या थरालाही आपल्याबरोबर ओढतो, आणि तिथलं पाणी वाट मिळण्याआधीच दाबलं जातं.

पाणी खडकाला हलवतं, खडक पाण्याला. कार्ल टेर्झागी यांनी १९२५ मध्ये हे नातं एका दिशेपुरतं मांडलं. मॉरिस बिओ यांनी १९४१ मध्ये ते तिन्ही मितींत नेलं. उत्तर समुद्रातल्या एकोफिस्क तेलक्षेत्रात तेल उपसल्यावर खडू-खडक दबून समुद्रतळ इतका खचला, की १९८७ मध्ये तिथले फलाट सहा मीटर उचलावे लागले. मराठी वाचकाला कोयना आठवेलच. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाच्या चर्चेत जलाशयाच्या वजनाइतकीच भेगांतून खोल झिरपणाऱ्या दाबाची भूमिका महत्त्वाची ठरली.

बिओंची समीकरणं कागदावर दोन-चार ओळींत मावतात. ती संगणकावर सोडवायला गेलं की खरा प्रश्न सुरू होतो. खडकाच्या ठोकळ्यावर जाळं टाकून प्रत्येक दिशेला शंभर घरं घेतली तर दहा लाख घरं झाली. प्रत्येक घरात एक दाब, प्रत्येक कोपऱ्यावर तीन विस्थापनं, म्हणजे सुमारे चाळीस लाख अज्ञात राशी. या समीकरणांची मॅट्रिक्स बहुतांशी शून्यांनीच भरलेली असते, म्हणून निभावतं. तरीही थेट पद्धतीने सोडवताना, प्रत्येक दिशेची घरं दुप्पट केली की अज्ञात आठपट होतात आणि काम साधारण चौसष्टपट. आम्हाला हवं असतं ते असं: आठपट प्रश्न, आठपट प्रोसेसर आणि वेळ तेवढाच. या क्षेत्रात ‘स्केलेबल’ म्हणतात ते याला. साधायला ते अवघड आहे.

कॉन्ज्युगेट ग्रेडियंट (१९५२) किंवा जीएमआरईएस (१९८६) यांसारख्या पुनरावर्ती पद्धती या प्रश्नापुढे एकट्या टिकत नाहीत. वाळू आणि शेल यांच्या पार्यतेत लाखो पटींचं अंतर असतं, आणि दाब व विस्थापन यांची एककंही एकमेकांना ओळखत नाहीत. त्यामुळे प्रीकंडिशनर लागतो, म्हणजे मूळ प्रश्नाचा स्वस्तात सुटणारा तोतया. तो निव्वळ बीजगणिताने घडवता येतो असं मानणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. चांगला तोतया घडवायला खडकाचा स्वभाव माहीत असावा लागतो.

उदाहरण घ्या. आधी प्रवाह सोडवायचा, मग खडक, असं आलटून पालटून करायचं ठरवलं, तर प्रवाह सोडवताना खडकाबद्दल काय गृहीत धरायचं? त्याची विकृती गोठवली, तर मऊ खडकात आकडे उधळतात. त्याऐवजी सरासरी प्रतिबल गोठवलं, तर दाबाच्या समीकरणात खडकाच्या लवचिकतेची एक छोटीशी भर पडते आणि गाडी रुळावर राहते. याला फिक्स्ड-स्ट्रेस म्हणतात. मिकेलिच आणि व्हीलर यांनी या पद्धतीच्या अभिसरणाची सिद्धता दिली. गंमत म्हणजे हीच युक्ती सगळी समीकरणं एकदम सोडवताना प्रीकंडिशनर म्हणूनही चालते: विस्थापनं बाजूला काढल्यावर दाबाच्या समीकरणात येणारी जी दाट, अवजड मॅट्रिक्स मांडायलाच परवडत नाही, तिच्या जागी एक साधा कर्ण बसवायचा. मग उरतात दोन ओळखीचे प्रश्न, आणि दोन्हीला मल्टिग्रिड, म्हणजे बारीक आणि जाड जाळ्यांवर मिळून सोडवण्याचं तंत्र, लावता येतं. विस्थापनाच्या बाजूला मात्र त्याला एक गोष्ट शिकवावी लागते: खडकाचा ठोकळा न वाकता सरकू शकतो, वळू शकतो. तीन सरकणी, तीन वळणं. ही सहा विसरणाऱ्याचा सॉल्व्हर घरं वाढवली की धापा टाकू लागतो.

नव्याने येणाऱ्याने मोठी मॅट्रिक्स लगेच हाती घेऊ नये. टेर्झागींच्या एका दिशेपुरत्या स्तंभावर स्वतःच फिक्स्ड-स्ट्रेसचं चक्र लिहावं, मग मान्डेलच्या प्रश्नाकडे वळावं: दोन पाट्यांत दाबलेला आणि फक्त बाजूंनी निचरा होणारा नमुना. त्याच्या मध्यभागातला दाब उतरण्याआधी थोडा चढतो, नोर्डबर्गुमच्या विहिरींसारखाच. तुमच्या आलेखात तो उंचवटा दिसला नाही, तर सॉल्व्हरचा वेग मोजत बसू नका. आधी जोडणीच्या ओळी तपासा.