१६० चौरस फुटांचे गिरणगाव

१/५
१८९६ च्या प्लेगने मुंबईतील दाटीचा प्रश्न ऐरणीवर आणला. १९२० मध्ये, गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले. वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. बिऱ्हाडाला एकच खोली, सुमारे १६० चौरस फुटांची. शौचालये मजल्यावर सामाईक.

२/५
जमीन वाढणार नव्हती. उंची मात्र हाताशी होती. म्हणून लाकडी पोटमाळा आला. दिवसा त्यावर पत्र्याच्या पेट्या व अडगळ, रात्री मुलांची अंथरुणे. खाटेखालची जागाही संसाराने भरलेली असे.

३/५
कोपऱ्यातील मोरी पहाटे न्हाणीघर, दुपारी धुण्याभांड्यांची जागा. पडदा ओढला की तेवढाच स्त्रियांचा आडोसा.

४/५
गिरणगावच्या अनेक खोल्यांत कोकणातून व घाटावरून आलेले एकटे पुरुष भाडे वाटून घेत राहत. एक जण पाळीवर गेला की त्याच्या जागेवर रात्रपाळीहून परतलेला दुसरा झोपे. उरलेल्यांसाठी गॅलरी आणि जिना. येथे जागेइतकीच वेळेचीही वाटणी होती.

५/५
या कल्पकतेचे कौतुक जरूर व्हावे. परंतु पोटमाळा ही हौस नव्हती. तुटपुंजी मजुरी आणि महागडी जमीन यांनी तो कामगारांच्या माथ्यावर चढवला होता. आज बीडीडी रहिवाशांना पुनर्विकासात ५०० चौरस फुटांची घरे मिळत आहेत. त्या चाळींबरोबर पोटमाळेही पाडले जात आहेत. कामगारांचे शहर किती जागेत जगले, याचा तो सर्वांत नेमका पुरावा होता.