शिष्यवृत्ती आणि निवारा

बंगळूरच्या उत्तरेस असलेले हेब्बाळ आज उड्डाणपुलामुळे आणि विमानतळाकडे धावणाऱ्या वाहनांमुळे ओळखले जाते. त्याच परिसरात शेतीसंशोधनाचे एक जुने आवार आहे. म्हैसूरच्या राजप्रतिनिधी महाराणी केंपनंजम्मण्णी यांनी दिलेल्या ३० एकर जमिनीवर १८९९ साली तेथे प्रायोगिक शेती सुरू झाली. १९१३ साली निवासी कृषिशाळा, १९४६ साली महाविद्यालय आणि १९६४ साली कृषी विद्यापीठ, अशी तिची वाढ होत गेली.

या वाढीत लेस्ली कोलमन यांचा वाटा मोठा होता. ते मूळचे कॅनडाचे. टोरंटो येथे पदवी घेऊन ते जर्मनीतील गॉटिंगेन विद्यापीठात परदेशी विद्यार्थी म्हणून शिकले आणि १९०८ साली म्हैसूर संस्थानच्या सेवेत आले. सुपारीच्या कोळेरोगावर बोर्डो मिश्रणाची फवारणी त्यांनी रूढ केली; कॉफीच्या रोगांवर संशोधन केले. सुमारे पाव शतक ते येथे राहिले. परक्या देशात मिळवलेली विद्या तिसऱ्याच देशात फळाला आली, कारण तिच्यासाठी संस्थानाने जमीन, प्रयोगशाळा, अधिकार आणि अवधी दिला होता.

हेब्बाळची कृषिशाळा निघाली त्याच १९१३ साली दुसऱ्या एका पुरोगामी संस्थानाने एक करार केला. सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे सरकारने भीमराव आंबेडकर या तरुण पदवीधराला अमेरिकेतील उच्च शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मंजूर केली. ४ जून १९१३ रोजी करारावर सह्या झाल्या. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची चाकरी करावी, अशी अट होती.

कोलंबिया विद्यापीठात आंबेडकरांनी अर्थशास्त्राचा पाया पक्का केला, १९१५ साली एम. ए. पदवी मिळवली आणि पुढे लंडन गाठले. परदेशातील त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, असे त्यांनी नंतर नमूद केले आहे. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली ते परतले आणि करारानुसार बडोद्यात रुजू झाले.

विद्यार्थ्याने आपली बाजू पाळली होती. मात्र त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. हिंदू खानावळीत प्रवेश नव्हता, म्हणून पारशी नाव धारण करून ते एका पारशी पथिकाश्रमात राहिले. सरकारी बंगला मिळावा असा अर्जही त्यांनी केला. तो अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला आणि त्यांना जागा सोडावी लागली. एका बागेत वेळ काढून त्यांनी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

महाराजांचा हेतू उदार होता, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. शिष्यवृत्तीचा खर्च बडोद्याने केला. तिचे फळ मात्र बडोद्याला मिळाले नाही. पुढे सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून, पैसे साठवून आणि शाहू महाराजांच्या साहाय्याने आंबेडकर १९२० साली पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी १९२३ साली त्यांना डी. एस्‌सी. मिळाली.

प्रशासनात आपण मंजुरी आणि अंमलबजावणी यांत भेद करतो. या प्रकरणात मंजुरी महाराजांच्या पातळीवर झाली आणि अंमलबजावणी घराच्या अर्जापाशी अडली. तो अर्ज हाताळणाऱ्यांपैकी कोणी लेखी नियम मोडला असेलच असे नाही. विलंब करण्यासाठी तशी गरजही नसते. समाजाची दारे बंद असताना सरकारी घर ही सवलत राहत नाही, ती नेमणुकीचाच भाग ठरते. हे कोणा अधिकाऱ्याला वेळेत उमगले नाही, किंवा उमगूनही त्याने सही केली नाही.

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे. अशा योजनांचा आढावा घेताना आपण किती विद्यार्थी गेले, किती रक्कम खर्च झाली, हे मोजतो. परतलेल्याला कोणते काम मिळाले, कोणते घर मिळाले, आणि तो तेथे किती वर्षे टिकला, हेही त्याच तक्त्यात यायला हवे. परगावी भाड्याची खोली शोधताना आडनाव विचारले गेल्याचा अनुभव ज्या वाचकांना आहे, त्यांना या रकान्यांचे महत्त्व निराळे सांगावे लागणार नाही.