काळा पाषाण : ग्रॅनाइट कीं डोलेराइट ?

मूर्ति, वीरगळ किंवा शिलालेख यांचें टिपण प्रसिद्ध करितांना अक्षरांचें वळण व शक-संवत्सरांचा मेळ यांविषयीं आम्ही जितकी काळजी घेतों, तितकी दगडाविषयीं घेत नाहीं. ‘काळ्या ग्रॅनाइटची मूर्ति’ असें सर्रास लिहिलें जातें. जालना जिल्ह्यासंबंधीं असें लिहिल्यास मात्र नकळत एक मोठें विधान होतें. तें हें कीं, ही वस्तु परमुलुखांतून आणिली.

कारण, 1981 सालीं औरंगाबाद व परभणी या जिल्ह्यांतून निघालेल्या ह्या जिल्ह्यांत नदीकांठचा गाळ सोडल्यास सर्वत्र बेसाल्टच आहे. सुमारें 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वीं लाव्ह्याचे थर एकावर एक पसरून तो झाला. पाथरवटांची काळवत्री ती हीच, व भोकरदनचें लेणेंहि ह्याच खडकांत खोदलेलें आहे. 1993 च्या भूकंपानंतर लातूर जिल्ह्यांत किल्लारीस खोल छिद्र घेतलें, तेव्हां सुमारें 338 मीटर बेसाल्ट ओलांडल्यावर ग्रॅनाइटच्या जातीचा प्राचीन खडक लागला ; पण तेथवर कोणाची छिन्नी पोंचणार ? उघडा ग्रॅनाइट पाहावयाचा तर देगलूर-बिलोलीकडे किंवा तेलंगणांत जावें लागतें.

ग्रॅनाइट व डोलेराइट हे दोन्ही शिलारस भूगर्भांतच थिजून झालेले. साम्य येथेंच संपतें. ग्रॅनाइट फार खोल व अतिशय सावकाश थिजतो, म्हणून त्याचे कण ठळक : पांढरें वा गुलाबी फेल्स्पार आणि कांचेसारखा क्वार्ट्‌झ. डोलेराइट भूपृष्ठाजवळच्या भेगांत शिरून बहुधा भिंतीसारखा उभा थिजतो. कण बारीक, रंग काळा. पहिल्यांत सिलिका शेंकडा 70 च्या आसपास, दुसऱ्यांत 50 च्या. पहिला पाण्याच्या सुमारें 2.65 पट जड, दुसरा जवळजवळ 3 पट. बाजारांतील ‘काळा ग्रॅनाइट’ हा बहुधा डोलेराइट किंवा गॅब्रो असतो. आमच्या लेखकांची चूक तेथूनच शिरली असावी. दोन्ही खडक एकाच वास्तूंत पाहावयाचे असल्यास पालमपेटच्या रामप्पा मंदिराचे (आरंभ 1213) खांब व तुळया पाहाव्या.

आतां खरी अडचण. डोलेराइट ओळखला म्हणजे वस्तु परकी ठरली असें नाहीं. दख्खनच्या लाव्ह्यालाहि डोलेराइटच्या भित्ति छेदून गेल्या आहेत. धुळें-नंदुरबारकडे तर त्यांची दाटीच आहे. शिवाय बेसाल्ट व डोलेराइट यांचीं घटकद्रव्यें बहुतांशीं एकच, त्यामुळें घोटलेल्या मूर्तीवर नुसत्या दृष्टीनें भेद करणें दुर्घट. केवळ काळ्या तकाकीवरून काकतीयांच्या शिल्पशाळेशीं संबंध जोडणें आम्हांस मान्य नाहीं. दुरून दगड येणें अशक्य होतें, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. भोगवर्धनच्या, म्हणजे भोकरदनच्या, दात्यांचीं नांवें सांचीच्या लेखांत आहेत, तेव्हां ह्या गांवाचे लोक दूरवर जात हें उघड आहे. ठळक कणांचा खराखुरा ग्रॅनाइट जालन्याकडे आढळला, तर तो बाहेरून आला हें निःशंक समजावें.

टिपण पाठविणारांनीं मूर्तीचें घोटलेलें मुख पाहूं नये. पाठ व पीठाची खालची बाजू पाहावी, तेल-शेंदूर तेथें कमी असतो. पांढऱ्या खनिजांनीं भरलेलीं लहान छिद्रें दिसल्यास तो बहुधा स्थानिक बेसाल्ट होय. निश्चय न झाल्यास ‘काळा पाषाण’ एवढेंच लिहावें.